पाव बोल्टाचा ताण

गाडीच्या ज्या दुरुस्तीवर मी सर्वांत समाधानाने पैसे खर्च केले, तिच्यानंतर गाडीत काडीचाही फरक पडला नाही. आवाज तोच, ॲव्हरेज तेच, उड्डाणपुलावर चढताना लागणारा दमही तोच. ब्रेकचे पॅड बदलले की पाय ठेवताक्षणी कळतं. क्लच नवा घातला की गुडघा सांगतो. एसीचा गॅस भरला तर मे महिन्याच्या नागपुरात घरचे सगळे दुवा देतात. टायमिंग बेल्ट बदलला की मात्र काहीच कळत नाही. काल होती तशीच गाडी आज असते.

"बंद पडली का?" नाही. "आवाज येऊन राहिला का?" नाही. "मग काहून बदलून राहिली?" हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला, नवऱ्याने विचारला, कॉलेजच्या स्टाफरूममध्येही विचारला गेला. प्रश्न बरोबर आहे. न मोडलेल्या वस्तूवर पैसे घालायला कोणाचंही मन कचरतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमत नाही. म्हणून हे सविस्तर.

गाडी ॲक्सेंट आहे, पेट्रोलवरची, दीड लिटरच्या इंजिनाची. ह्युंदाईने ही गाडी भारतात १९९९ साली आणली आणि पुढे बरीच वर्षं ती रस्त्यावर सर्रास दिसायची. आता शोधावी लागते. आमच्या एमएच ३१ पाटीच्या गाडीने आपली पंधरा वर्षं केव्हाच ओलांडली. आरटीओत तपासणी होऊन तिला पुढच्या पाच वर्षांची नोंदणी मिळाली आहे. आम्ही ती दुसऱ्या हाताने घेतली होती. आधीच्या मालकांनी कागदांची फाइल फार नेटकी ठेवली होती. विमा, पीयूसी, बॅटरीची वॉरंटी, टायरची बिलंसुद्धा. टायमिंग बेल्टची नोंद तेवढी त्या फाइलीत कुठेच नव्हती.

हा बेल्ट करतो काय, ते आधी सांगते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, त्याला पिस्टन जोडलेले. वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्याकडच्या भागात, कॅमशाफ्ट असतो. हवा-पेट्रोल आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची जी दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, ती तो उघडतो आणि वेळेवर मिटू देतो. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं या चार पावलांसाठी पिस्टनला दोनदा खाली आणि दोनदा वर जावं लागतं, म्हणजे क्रँकचे दोन पूर्ण फेरे होतात. तेवढ्या वेळात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणजे कॅमचा एकच फेरा. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा बरोबर दुप्पट दात असतात, आणि दोघांना बांधून ठेवतो तो हा आतून दातेरी असलेला रबरी पट्टा. तो घसरत नाही, घसरून चालतच नाही. पंख्याचा किंवा अल्टरनेटरचा बेल्ट थोडा घसरला तर चीं असा आवाज येतो आणि बॅटरी कमी चार्ज होते, एवढंच. टायमिंग बेल्ट एक दात जरी सरकला तरी इंजिनाचं वेळापत्रक चुकतं. क्रँकच्या चाकाला वीस-बावीस दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे सोळा ते अठरा अंश. पिस्टन जिथे असायला हवा तिथे तो नसतो, आणि व्हॉल्व्हला याची काही खबर नसते.

वेग किती, याचा हिशेब मी मुलांना वर्गात करायला लावते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर कॅम १५०० फेरे करतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि २५ वेळा मिटतो. तासाला कॅमचे ९०,००० फेरे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूरहून मुंबईला गाडीने जाणारे खूप वाढलेत. शिवमडक्याला रस्त्यावर चढायचं आणि ७०१ किलोमीटर जवळजवळ एकाच चालीने जायचं. आठ तास धरले तर त्या एका प्रवासात कॅम सात लाखांहून अधिक वेळा फिरतो, आणि त्यातल्या प्रत्येक फेऱ्यात हा पट्टा दाताला दात लावून हजर असावा लागतो.

आता खरी भीतीची गोष्ट. काही इंजिनांत पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या माथ्यावर पुरेशी मोकळी जागा राहते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, नवा बेल्ट घातला की पुन्हा चालू. पण बऱ्याच इंजिनांत ही सवड नसते. उघडा व्हॉल्व्ह ज्या जागेत खाली उतरतो, त्याच जागेत थोड्या वेळाने पिस्टन येतो. दोघं एकाच खोलीत राहतात, फक्त एकाच वेळी आत नसतात, आणि ती वेळ सांभाळणारा म्हणजे हा बेल्ट. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगाने अजून फिरत असलेला क्रँक पिस्टनला त्यांच्यावर नेऊन आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात. कधी पिस्टनलाही खोक पडते. डिझेल इंजिनांत तर दाब जास्त हवा म्हणून वरची जागा आणखीच कमी ठेवलेली असते. आमची ॲक्सेंट पेट्रोलची असली तरी याच दुसऱ्या जातीतली.

आमच्या शेजारच्या काकाजींच्या गाडीचा बेल्ट अमरावती रोडवर कोंढाळीच्या अलीकडे तुटला. त्यांची गाडी वेगळ्या कंपनीची होती, डिझेल. ना धूर, ना दिवा, ना आधी काही कुरकुर. चालत्या गाडीचं इंजिन एकदम मेलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पुन्हा सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा भलतंच हलकं, भरभर फिरलं. घाबरलेल्या माणसाला ते चांगलं लक्षण वाटतं. खरं तर ते सर्वांत वाईट लक्षण. व्हॉल्व्ह मिटलेच नाहीत की सिलिंडरमध्ये दाब धरला जात नाही, म्हणून सेल्फला जोर लागत नाही. तिथून गाडी टो करून आणली, हेड उतरवलं, व्हॉल्व्ह आणि गाइड बदलले. खर्च ऐकून काकू गप्पच झाल्या होत्या. बेल्ट, त्याला ताठ ठेवणारा टेन्शनर आणि तेल अडवणारी दोन सील यांची किंमत त्या बिलापुढे अगदीच किरकोळ होती. काकाजी मला म्हणाले, "बापा, एवढा रबराचा तुकडा, अन् सारं इंजिन घेऊन बसला."

त्या रबराच्या तुकड्याबद्दल मला खरंच आदर आहे. तो नुसता रबर नसतो. आत काचेच्या तंतूंचे पीळ दिलेले दोर असतात, खेच सगळी तेच सोसतात. बाहेर तेल-उष्णता सोसणारं खास रबर, आणि दातांवर झीज कमी व्हावी म्हणून नायलॉनचं कापड. काचेचे तंतू ओढीला फार मजबूत, पण दुमडलं की मोडतात. म्हणून नवा बेल्ट हातात आला की त्याला चिमटायचं नाही, उलटा करायचा नाही, लहान गुंडाळी करून खिशात घालायचा नाही. आतला दोर मोडला तरी बाहेरून दिसत नाही, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथेच तुटतो. पेट्रोल-तेलाचा थेंबही वाईट, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

अशा दातेरी पट्ट्याची सुरुवात मोटारीत झालेली नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनसाठी तो तयार झाला. वरची सुई आणि खालची बॉबिन एकमेकींची वेळ न चुकवता चालाव्यात म्हणून. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीच्या इंजिनात कॅम फिरवायला तो आला १९६२मध्ये, जर्मनीतल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीच्या १००४ या गाडीत. त्याआधी हे काम साखळी किंवा दातेरी चाकं करायची. बेल्ट हलका, स्वस्त, आवाज कमी, आणि त्याला तेल लागत नाही. म्हणून पुढची तीस-चाळीस वर्षं तो घराघरातल्या गाड्यांत गेला. साखळीला एक सवय चांगली होती, जुनी झाली की ती खडखडायची. आमच्या गाडीचं काम करणाऱ्या उस्तादांनी काम शिकलं ते ॲम्बेसेडर टॅक्सींवर. ते म्हणतात, साखळी बोलते, बेल्ट बोलत नाई.

बोलत नाही म्हणूनच त्याचा हिशेब किलोमीटरवर आणि वर्षांवर ठेवावा लागतो. या इंजिनासाठी साधारण ९५,००० किलोमीटरच्या आसपास बदल सांगितलेला असतो. पण कमी चालणाऱ्या गाडीचा बेल्ट उभ्या उभ्याही म्हातारा होतो. रबर उष्णतेने कडक होत जातं, दाताच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. आपल्याकडे उष्णतेची काय कमी? बाहेर पारा ४५च्या वर गेलेला असतो, वर सिग्नलला उभी गाडी, बॉनेटखालची हवा आणखी किती तरी तापलेली. पुस्तकात लिहिलेलं किलोमीटरचं गणित थंड मुलखात केलं असो की गरम, नागपुरात मी ते अलीकडेच ओढते. हे माझं मत आहे, आणि ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते त्यांना मी ते आग्रहाने सांगते.

मानेवाड्याकडच्या रिंग रोडला टिनाच्या शेडमध्ये उस्तादांचं गॅरेज आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी काम उरकायचं होतं. त्यांनी गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायला सांगितली आणि मला सकाळी साडेपाचला बोलावलं. मी समोर उभी राहणार हे मी आधीच सांगितलं होतं, त्यांनी हरकत घेतली नाही. इतक्या लवकर कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, इंजिन आत्ता जेवढं थंडं आहे न, दिवसभरात तेवढं नाई भेटणार. बेल्ट थंड्यातच कसाचा."

यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की ते चांगलंच प्रसरण पावतं. हेड वाढलं की कॅम आणि क्रँक एकमेकांपासून अंमळ दूर जातात. बेल्टमधल्या काचेच्या दोरांना तेवढं ताणता येत नाही, म्हणून गरम इंजिनात तोच बेल्ट जास्त कसला जातो. गरम इंजिनावर ताण बरोबर बसवला तर थंडीतल्या पहाटे तो ढिला निघेल. आणि मे महिन्यात टिनाच्या शेडखाली दुपारी बारा वाजता 'थंड इंजिन' नावाची गोष्टच नसते. हा सकाळी साडेपाचचा नियम कोणत्या मॅन्युअलमध्ये असायचा? तो इथेच तयार झालेला आहे.

उघडण्याचं काम मेहनतीचं, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक उतरलं, आतलं प्लॅस्टिक निघालं, बाहेरचे बेल्ट सुटले, वॉटर पंपाची पुली निघाली. इंजिन ऑइलच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅक लावला आणि इंजिनाला धरून ठेवणारं त्या बाजूचं माउंटिंग काढलं. क्रँक पुलीचा बोल्ट मात्र सहजी निघत नाही. तो १४०-१५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, वर वर्षानुवर्षांची माती. लांब पाइप घालून तो सुटला तेव्हा गॅरेजमधला चहावाला मुलगाही थांबून बघत होता. चारही स्पार्क प्लग काढून ठेवले. ते कशाला, ते पुढे येईल.

मग कव्हर उतरलं, आणि बेल्ट पहिल्यांदा दिसला. पाठीकडून बघितला तर ठीकठाक वाटत होता. थोडी चमक आलेली, एका कडेला दोन-चार धागे सुटलेले. उस्तादांनी क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत एक नंबरचा पिस्टन वर आणला. क्रँकच्या चाकावरची खूण ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेसमोर आली, कॅमच्या चाकातलं बारीक भोक मागच्या खुणेसमोर. त्यांच्याकडच्या पोऱ्याने व्हाइटनरने दोन्ही चाकांवर आणि जुन्या बेल्टवर ठिपके दिले. उस्तादांनी ते ठिपके बघितलेसुद्धा नाहीत. त्यांचा भरवसा कंपनीच्या खुणांवर. ठिपका माणूस देतो, ते म्हणाले, अन् माणसाचा हात हलते.

जुना बेल्ट निघाल्यावर त्यांनी तो मुद्दाम उलटा वाकवून माझ्यासमोर धरला. दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा एकामागोमाग एक उघडल्या. सरळ असताना यातली एकही दिसत नव्हती. जुना टेन्शनर बोटाने फिरवला तर कोरडा, खरखरीत आवाज. नवा फिरवला तर जवळजवळ आवाजच नाही, आणि ग्रीसमुळे तो जरा जड फिरतो. नवीन बेअरिंग मोकळं सुसाट फिरायला हवं असं मला वाटायचं. तसं नसतं, भरल्या ग्रीसचं बेअरिंग थोडं रेंगाळतंच. कॅमचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सीलही बदललं. बेल्ट नवा घालून जुनं सील तसंच ठेवणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. सील झिरपलं की नव्या बेल्टला तेलाची अंघोळ, आणि पुन्हा हीच सगळी उघडझाप.

आणि मग ताण. हा सगळा लेख मी खरं तर या पाच-दहा मिनिटांसाठी लिहिते आहे.

नवा बेल्ट आधी क्रँकच्या चाकावर बसवला. मग ज्या बाजूने इंजिन बेल्टला खेचतं ती बाजू पूर्ण ताठ ठेवत तो वर कॅमच्या चाकावर नेला, आणि शेवटी टेन्शनरच्या मागून घेतला. जी काही ढील उरेल ती सगळी टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. टेन्शनरला दोन बोल्ट असतात. एकाभोवती तो फिरतो, आणि दुसरा लांबट खाचेत असतो, ज्यातून तो सरकू शकतो. एक स्प्रिंग त्याला बेल्टकडे ढकलते. दोन्ही बोल्ट ढिले केले की स्प्रिंग टेन्शनरला बेल्टवर नेऊन टेकवते.

इथे माणसाचा हात वळवळतो. स्प्रिंग बारीक दिसते, तिचा जोर पुरेसा वाटत नाही, पट्टा अजून थोडा कसावा असं प्रत्येकालाच वाटतं. पोऱ्याने टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, उचलली होती, टेन्शनरला मागून रेटायला. उस्ताद त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "ठेव ते खाली. ताण स्प्रिंग देते, आपण नाई देत." मग माझ्याकडे वळून, "बाजेची सुतळी लय ताणली त बाजच वाकडी होते, मॅडम."

जास्त कसलेला बेल्ट चालू इंजिनात सुईसारखा बारीक सूर काढतो, वेगाबरोबर तो सूर चढत जातो. टेन्शनरचं बेअरिंग लवकर जातं, कॅमच्या पुढच्या टोकावर भार येतो, बेल्टचे दोर थकतात. ढिला राहिला तर तो कव्हरवर फटफट आपटतो, आणि एखाद्या दिवशी, इंजिन चालू होतानाच्या झटक्यात, दात सोडतो. दोन्हीकडे धोका आहे, पण कारागिराचा कल नेहमी जास्त कसण्याकडे. घट्ट म्हणजे पक्कं, ही समजूत हाडात मुरलेली असते. मी वर्गात बल आणि ताण शिकवताना हे उदाहरण आता देते: ज्या ठिकाणी हाताला जोर लावावासा वाटतो, तिथे यंत्र बनवणाऱ्याने विचार करून एक छोटी स्प्रिंग ठेवली आहे.

स्प्रिंगने ढील घेतल्यावर क्रँक घड्याळाच्या दिशेने किंचित फिरवला, कॅमच्या चाकाचे दोन दात पुढे जातील इतका. त्याने ताठ बाजू खरी ताठ होते आणि उरलेली ढील टेन्शनरपाशी गोळा होते. मग बोल्ट आवळायचे. आधी खाचेतला, नंतर ज्याभोवती टेन्शनर फिरतो तो. हा क्रम उलटा करायचा नाही. फिरण्याचा बोल्ट आधी आवळला तर बोल्टाबरोबर टेन्शनरही वळतो, आणि स्प्रिंगने मोजून दिलेला ताण पान्याच्या जोराने वाढतो. पाच सेकंदांचा फरक, पण बेल्टचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर ठरतं. या दोन बोल्टांना वीस-पंचवीस न्यूटन-मीटर पुरतं. उस्ताद टॉर्क पाना वापरतात, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना. त्यांच्या पिढीत हे विरळा, आणि मला त्यांच्याकडे गाडी न्यावीशी वाटते ती मुख्यतः यामुळे.

ताण बरोबर बसला का, ते कसं ओळखायचं? बरेच मेकॅनिक सर्वांत लांब मोकळा भाग अंगठा आणि बोटात धरून पिळतात. पाव वळसा, म्हणजे नव्वद अंश गेला की ठीक. अनुभवी बोटाला हे जमतं. पण या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याहून सुंदर माप दिलं आहे. बेल्टची ताठ बाजू आणि टेन्शनर हाताने मध्यम जोराने, साधारण पाच किलोच्या दाबाने, एकमेकांकडे दाबायचे. दाबल्यावर बेल्टच्या दाताचं टोक टेन्शनरच्या बोल्टाच्या डोक्यापर्यंत यायला हवं, आणि त्या डोक्याच्या मध्यापासून डोक्याच्या रुंदीच्या पाव भागावर थांबायला हवं. बस्स. ना गेज, ना मीटर. जो बोल्ट आवळायचा, तोच मोजपट्टी. कोरियातल्या कुठल्या तरी ड्रॉइंग बोर्डवर कोणीतरी विचार केला असेल की हे काम जगात जिथे होईल तिथे महागडं यंत्र नसेल, पण हा बोल्ट नक्की असेल. मला त्या अनोळखी माणसाचं फार कौतुक वाटतं. मी स्वतः दाबून पाहिलं. दात येऊन पाव डोक्यावर थांबला. उस्तादांनी मॅन्युअल न बघता बोटाने पिळून "ठीक आहे" म्हटलं होतं; दोन्ही मापं जुळली.

यानंतरचं काम ते मला करू देतील असं वाटलं नव्हतं. लांब दांड्याचा पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "फिरवा. दोन पूर्ण फेरे. अडलं त थांबाचं, जोर नाई लावाचा." प्लग काढून ठेवले होते ते यासाठी. सिलिंडरमध्ये दाब धरला जात नाही, त्यामुळे क्रँक हाताने हलका आणि एकसारखा फिरतो. खुणा चुकल्या असतील आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल तर इथे हाताला कडक अडथळा जाणवतो, आणि काही वाकायच्या आत थांबता येतं. सेल्फ मारून बघणाऱ्याला हाच अडथळा बिलावर कळतो. दिशा एकच, घड्याळाची. उलटं फिरवलं की ढील चुकीच्या बाजूला जाते आणि दात सुटू शकतो.

मी फिरवत गेले. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबल्या जाताना जरा जड, मग सैल, मग पुन्हा जड. एवढी वर्षं फळ्यावर काढलेली ती चार पावलं मनगटात येत होती. दोन फेरे झाले आणि क्रँकची खूण आपल्या जागी आली. वर पाहिलं तर कॅमचं भोकही आपल्या खुणेसमोर. ताण पुन्हा तपासला. मग कव्हर, माउंटिंग, पुल्या, बाहेरचे बेल्ट, प्लग, चाक. ऊन शेडच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं तेव्हा गाडी चालू झाली. पहिल्या सेल्फला. नेहमीच्या आवाजात.

पैसे देताना मी उस्तादांना म्हटलं, घरी कोणाला काही फरक कळणार नाही. ते हसले. "बेल्ट तुटला त सारे नाव घेतात. नाई तुटला त कोणी नाई घेत." त्यात तक्रार नव्हती. पण मला ते लागलं. ज्या कामाचा पुरावा म्हणजे काहीही न घडणं, ते काम करणाऱ्याची पावती कुठे लिहायची? म्हणून निदान इथे लिहिते आहे.

आता नव्या गाड्यांत अनेक ठिकाणी साखळी परत आली, विजेच्या गाड्यांत तर कॅमच नाही. तरीही आपल्या गल्ल्यांत, कॉलन्यांत अजून असंख्य बेल्टवाल्या गाड्या आहेत, बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या हाताला गेलेल्या. तुम्ही अशी गाडी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्टबरोबर टेन्शनर आणि सील बदला. जुना बेल्ट मागून घ्या आणि स्वतः वाकवून बघा. तारीख आणि किलोमीटर ऑइल पेंटच्या पेनाने कव्हरवर लिहून ठेवा, फाइलीत लिहिलेलं पुढच्या मालकापर्यंत पोचेलच असं नाही. आणि काम करणाऱ्याला घाई करू नका. संध्याकाळी लग्नाला जायचंय म्हणून दुपारी तापलेलं इंजिन पुढ्यात आणून ठेवू नका.

मी निघताना तो पोऱ्या हात पुसत जवळ आला. सोळा-सतराचा असेल, दहावीनंतर शाळा सोडलेला. म्हणाला, "मॅडम, एक विचारू? उस्ताद नेहमी दोन फेरे म्हणतात. एक काहून नाई?"

मी त्याला उघड्या पडलेल्या जुन्या बेल्टपाशी नेलं, जमिनीवर खडूने एक मोठं आणि एक लहान चाक काढलं. लहान एकदा फिरलं की मोठं अर्धंच फिरतं, म्हणजे कॅमची खूण त्या वेळी बरोबर उलट्या बाजूला असते. दोघं पुन्हा आपापल्या जागी भेटतात ते दुसऱ्या फेऱ्याला. त्याने खडू माझ्या हातातून घेतला, दोन्ही चाकांवर ठिपके दिले आणि बोटाने फिरवून पाहिलं. एकदा, मग पुन्हा. शेडमध्ये पलीकडे एक डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती, तिचाही बेल्ट त्या आठवड्यात व्हायचा होता. तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिच्यात त डिझेलच्या पंपाले पण बेल्ट जाते न. मंग पंपाचं चाक पण कॅमएवढंच पाहिजे. चला, मोजून पाहू."

आम्ही दात मोजायला गेलो.